लोकरीच्या बाजूने

सोमवार, दिनांक सतरा फेब्रुवारी दोन हजार तीन. सकाळचे अकरा वाजण्यास काही मिनिटे कमी. स्थळ : वर्धा शहर, आर्वी नाक्याच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या हाताला, मोटारींना रंग व पॉलिश करण्याची मधुकररावांची पत्र्याची शेड. या वेळी व या स्थळी पांढरे लुगडे नेसलेल्या एका वयस्क बाईने पांढऱ्या मारुतीच्या बोनेटवर आपला उजवा तळहात ठेवला, तो सावकाश एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे नेला, आणि मधोमध आल्यावर थांबवला. घडले ते एवढेच. तळहात तेथे एका श्वासाइतका वेळ थांबला असेल. परंतु मधुकररावांनी घेतलेला श्वास सोडायचा राहून गेला, आणि पुढचे दहा दिवस तो तसाच छातीत अडून आहे असे त्यांना वाटत राहिले. बाईंचे धाकटे भाऊ रूपराव, आर्वीच्या बाजारातले भाजीचे अडते, गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. दारात स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्यांनी आताच म्हटले होते, की एवढी चमकली का नवरदेव सोडून लोक गाडीच पाहतील. बहिणीचा हात थांबलेला त्यांना दिसला. ते वळसा घालून पुढे आले, बोनेटवर वाकले, पुन्हा सरळ झाले.

"अन् ते कुठं गेलं, मधुकरराव? आमच्या बाईच्या हातचं?"

"भाच्यानं पुण्याहून तो फोमचा पॅड आणला ना, रूपरावजी," मधुकरराव म्हणाले. "नवी चीज आहे. चुकून निघून गेलं त्याच्या हातून."

भाचा भूपेंद्र चार पावलांवर बादलीत फडके पिळत होता. पिळून झालेले फडके त्याने पुन्हा पाण्यात बुडवले आणि पुन्हा पिळले. वर पाहिले नाही. रूपरावांच्या चेहऱ्यावरून काही तरी सरकून गेले, पण ते रागाचे नव्हते, आणि राग नव्हता हेच पुढे फार जड झाले. बहिणीकडे पाहत ते म्हणाले, जाऊ द्या, चुकून झालं त्याले काय करता, पोरगं मेहनती आहे. मंदाबाईंनी, म्हणजे त्या बहिणीने, बोनेटवरून हात उचलला आणि पदराला पुसला. पुसण्यासारखे त्या हाताला काही लागलेले नव्हते. धुळीचा कणही त्या पत्र्यावर राहिलेला नव्हता. गाडी आर्वीच्या दिशेने निघून गेली. मधुकरराव रस्त्याकडे पाहत उभे राहिले आणि आपल्या वाक्याची फोड करू लागले, कारण कोणत्याही वाक्याची फोड केल्यावाचून त्यांना पुढे जाता येत नसे. त्या उत्तरात तीन विधाने होती : खूण भाच्याने काढली, ती फोमने निघाली, ती चुकून निघाली. तिन्ही खोटी होती. एकही शब्द ठरवून ठेवलेला नव्हता, तरीही खोटेपणात कोठे उणीव राहिली नव्हती. इतके निर्दोष वाक्य आपल्या तोंडून यापूर्वी कधी निघाले होते हे त्यांना आठवेना.

ती खूण म्हणजे एक स्वस्तिक, तिथल्या बोलीत सातिया, होते. आठ दिवसांपूर्वी रूपराव गाडी घेऊन आले तेव्हा त्यांनी आधी ते दाखवले होते. बोनेटच्या मध्यावर, तळहातात मावेल एवढे, विटकरी पडलेल्या रेषांचे. रेषा सारख्या जाडीच्या नव्हत्या, आणि चारही भुजांची टोके ज्या दिशेला वळायची तिच्या उलट वळलेली होती. मधुकररावांची नजर प्रथम त्या उलटेपणावरच गेली. रूपरावांना ते समजले असावे, कारण त्यांनी न विचारता सगळी हकीकत सांगितली. पाच वर्षांपूर्वी पाडव्याला नागपूरहून नवी गाडी घेऊन येताना मंडळी केळझरला गणपतीपाशी थांबली. पूजेचे ताट पत्नीच्या हातात होते. ऐन वेळी रूपरावांनी ते तिच्या हातातून घेतले आणि थोरल्या बहिणीच्या हातात दिले. मंदाबाई बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. आई गेल्यावर रूपरावांना त्यांनीच वाढवले होते. एकतीस वर्षे ज्या बोटाने कुंकवाला स्पर्श केला नव्हता ते बोट ओल्या कुंकवात बुडाले, थरथरत पत्र्यावर फिरले, आणि आकृती उलटी उमटली. पुजारी खाकरले. कोणी तरी म्हणाले, पुसून पुन्हा काढा. रूपरावांनी पुसू दिले नाही. तेव्हाच नव्हे, तर मृग लागेपर्यंत त्यांनी त्या जागेवर फडके फिरू दिले नाही. वैशाखाच्या उन्हात ते कुंकू रंगात उतरत गेले, आणि पुढे धुतले तरी त्याचा डाग कायमचा राहिला. आता मुलीचे, प्रेरणाचे, लग्न मार्चच्या पहिल्या आठवड्यात होते. नवरदेवाला जानोशाहून, म्हणजे वऱ्हाडाच्या उतारघरून, मांडवापर्यंत याच गाडीतून आणायचे होते. रूपराव म्हणाले होते, "सारी गाडी काचेवानी करा, पर हे राहू द्या. हळदीच्या पाटाजवळ तिले कोणी येऊ देणार नाई. माह्या गाडीवर तरी तिचा हात राह्यला पाहिजे." मधुकररावांनी मान डोलावली होती. भूपेंद्र नुसती मान डोलावून राहिला नाही. त्याने तिथल्या तिथे कागदी चिकटपट्टी आणून स्वस्तिकाच्या चारही बाजूंना चौकोन आखला, मध्ये कागद लावला, आणि रूपरावांना म्हणाला, काका, याले मी बोटबी लावत नाई.

भूपेंद्र हा मधुकररावांच्या बहिणीचा मुलगा. पुण्याच्या एका मोठ्या कार्यशाळेत तीन वर्षे काढून तो दसऱ्याला परत आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांहून पॉलिशच्या मशीनवर चढवायचे फोमचे पॅडच अधिक होते : नारिंगी, काळे, भाकरीएवढे जाड, बोटाने दाबले की दबणारे आणि सोडले की फुगणारे. मधुकररावांनी एक हातात घेतला आणि भांडी घासायला बरा आहे असे म्हटले. तेव्हापासून वादाला प्रारंभ झाला. मधुकररावांच्या शेडमध्ये चौतीस वर्षांच्या कामाची साक्ष देणारे लोकरीचे पॅड खिळ्यांवर टांगलेले असत. प्रत्येक कामानंतर ते त्यांचे केस तारेच्या ब्रशाने मोकळे करीत, आणि हे काम त्यांनी आजवर कोणत्याही कामगाराला करू दिले नव्हते. लोकरीच्या बाजूने त्यांची मांडणी पक्की होती. लोकर हा केस आहे. दोन केसांमधून वारा खेळतो. मशीन कितीही फिरले तरी पत्रा तापत नाही. फोम उष्णता धरून ठेवतो. लोकर जे दहा मिनिटांत साधते त्याला फोम तास घेतो. उलटपक्षी भूपेंद्रचे म्हणणे फारसे मांडलेले नसे; तो बहुधा एखादी गाडी ढकलत शेडबाहेर नेई आणि म्हणे, मामाजी, आता पाहा. बाहेरच्या सूर्यप्रकाशात लोकरीने घासलेल्या पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसत, फोमने घासलेल्यावर दिसत नसत. मधुकरराव म्हणत, कोणता गिऱ्हाईक भर दुपारी पत्र्याला डोळा लावून उभा राहतो ते सांग. भूपेंद्र हसे. एकदाच, दिवाळीनंतर केव्हा तरी, तो हसला नाही आणि म्हणाला, "मामाजी, आपण चमक आणत नाई. आपण रंग काढून राह्यलो. जितका कमी काढू तितकं बरं." हे वाक्य मधुकररावांना झोंबले, आणि झोंबले याचे कारण ते खरे होते. चौतीस वर्षे आपण गाड्यांना काही तरी देतो असे त्यांनी मानले होते. पॉलिश झाल्यावर लोकरीत अडकलेली पांढरी, निळी, तांबडी भुकटी ते रोज ब्रशाने झटकून टाकत आले होते. ती भुकटी म्हणजे गाडीचेच कातडे होते हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, पण कोणी ते उच्चारले नव्हते.

पंधरा तारखेचा शनिवार त्यांना आता मिनिटामिनिटाने आठवे. दोन दिवस खपून भूपेंद्रने सगळी गाडी फोमने उजळली होती. दुपारी तीनच्या सुमारास त्याने बोनेटवरचा कागद सोडवला. भोवतालचा खडूसारखा निस्तेज थर गेल्यामुळे स्वस्तिक आधीपेक्षाही स्पष्ट झाले होते. जणू कालच काढले असावे. मधुकरराव मागे येऊन उभे राहिले होते. काम उत्तम झाले होते, हे त्यांना दिसत होते. आणि ते म्हणायचे नव्हते म्हणून ते दुसरेच काही म्हणाले. ते म्हणाले, तुह्या फोमले साधं कुंकू निघत नाई. भूपेंद्रने थट्टा थट्टेनेच परतवली : ते काढायचंच नाई ना मामाजी, अन् काढतो म्हटलं तरी तुमच्या लोकरीनंबी नाई निघणार, ते रंगात मुरलं आहे. एवढे बोलून तो मेणाचा डबा आणायला सायकल काढून बाजारात गेला. जाता जाता वळून म्हणाला, चहा पाठवू का. मधुकररावांनी नको म्हटले.

त्यानंतर शेडमध्ये कोणी नव्हते. वरच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक नाण्याएवढी चकती बोनेटवर पडली होती आणि स्वस्तिकाच्या एका भुजेपाशी येऊन थांबली होती. लोकरीने निघणार नाही, हे विधान मधुकररावांच्या मनात उभे राहिले. ते विधान त्यांच्यापुरते केवळ चुकीचे होते. त्याच्या मागे मंदाबाई नव्हत्या, केळझर नव्हते, लग्न नव्हते, फक्त एक चुकीचे विधान होते, आणि ते तसेच राहू देणे त्यांना जमेना. त्यांनी खिळ्यावरचा पॅड काढला, मशीनवर चढवला, पत्रा घासायचे जाड कणांचे कंपाउंड घेतले. एकाच भुजेचे टोक, एवढेच त्यांनी ठरवले होते. तेही अशासाठी, की उलट वळलेले टोक गेले तर त्या आकृतीचा दोष तेवढा कमी होईल. स्वतःला दिलेले हे कारण किती सुबक होते. मशीन सुरू झाले. हाताच्या हाडापर्यंत ती ओळखीची थरथर गेली. लोकर पत्र्याला टेकली, सुकत चाललेल्या कंपाउंडचा तिखट वास आला, आणि फडके फिरवून पाहतात तो टोक गेलेले होते. निघाले. भूपेंद्र चुकला होता. त्या क्षणी त्यांना झालेला आनंद इतका शुद्ध होता, की पुढे कितीही वेळा तो प्रसंग उलगडून पाहिला तरी त्या आनंदात दुसरे काही मिसळलेले त्यांना सापडले नाही, आणि हीच गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. मग तीनच टोके उरलेली आकृती खंडित दिसू लागली. खंडित स्वस्तिक लग्नाच्या गाडीवर शोभणार नाही, असे दुसरे कारण तयार झाले. दुसरे टोक. तिसरे. चौथे टोक काढताना कारणाचीही गरज पडली नाही. शेवटी मधला छेद तेवढा राहिला, अधिकचे चिन्ह असावे तसा; त्याला अर्थच नव्हता, म्हणून तोही गेला. सगळे मिळून चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. लोकरीच्या केसांत पांढऱ्या भुकटीबरोबर किंचित तांबूस छटा होती. ती मधुकररावांनी ब्रशाने झटकली, आणि झटकताना प्रथमच त्यांना भीती वाटली.

भूपेंद्र डबा घेऊन परतला तेव्हा त्याने पाहिले. "मामाजी," म्हणत त्याने डबा खाली ठेवला. मग त्याने विचारले, आता काय सांगायचं त्याइले. मधुकरराव म्हणाले, पाहू. मध्ये रविवारचा अख्खा दिवस होता. त्या दिवशी त्यांनी एक वाक्य तयार केले होते : माझ्या हातून गेले. त्यातही पूर्ण सत्य नव्हते, कारण हातून जाणे आणि हाताने काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी ते वाक्य त्यांनी घोटून घोटून तोंडात बसवले होते. सोमवारी मंदाबाईंचा हात थांबला, आणि भलतेच वाक्य बाहेर आले.

नंतरच्या दिवसांत भूपेंद्र भांडला असता तर बरे झाले असते. मधुकरराव त्याची वाट पाहत राहिले. सकाळी शेड उघडताना, दुपारी डबा खाताना, प्रत्येक वेळी त्यांच्याकडे उत्तर तयार असे. प्रश्नच येत नसे. तो वेळेवर येई, सांगितले ते करी, हो मामाजी म्हणे. फोमचे पॅड त्याने धुतले, दोरीवर वाळवले, आणि ज्या पिशवीतून आणले होते तीत पुन्हा भरले. मग त्या आठवड्याच्या शेवटी आर्वीकडचे डोमाजी आपली जीप घेऊन आले. डोमाजी मोठ्या आवाजाचे गृहस्थ. दोन्ही पाय जमिनीवर टेकायच्या आतच त्यांनी सुरुवात केली, की आर्वीच्या बाजारात सारे बोलून राह्यले, तुमच्या भाच्यानं रूपरावच्या बहिणीचं सातिया पुसून टाकलं, लग्नाच्या तोंडावर. माह्या जीपले तो फोम नका लावू बाप्पा. लोकरच मारा, तुमच्या हातानं मारा, नाई तर इंजनच पुसून टाकन हा. स्वतःच्या विनोदावर ते हसले. मधुकरराव वादात जिंकले होते. ज्या कबुलीसाठी ते चार महिने झगडत होते ती एका गिऱ्हाइकाने, न मागता, साक्षीदारासमोर दिली होती. भूपेंद्रने खिळ्यावरचा लोकरीचा पॅड काढला, त्याचे केस हाताने थोडे मोकळे केले आणि तो मामाच्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मधुकररावांनी तो शोधला, अगदी काळजीपूर्वक शोधला, कारण टोमणा असता तर त्याला उत्तर देता आले असते.

खरे म्हणजे त्या खुणेचे निघणे हा लोकरीच्या सामर्थ्याचा चौतीस वर्षांतला सर्वांत भक्कम पुरावा होता, आणि तोच त्यांनी फोमच्या नावावर केला होता. उलट, फोमने ती खूण राखली होती, आणि राखायची होती म्हणून फोमच योग्य होता. तेव्हा सत्य बाहेर आले असते तर दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर ठरले असते. लोकर काढते. फोम राखतो. कोठे काय हवे हे पाहणे, एवढेच तर माणसाचे काम होते. इतका सरळ निवाडा चार महिने दोघांत पडून होता आणि तो कोणी उचलला नव्हता. रात्री ताटावर बसले की हा विचार त्यांना येई, आणि समोर भाकरी वाढणारी बहीण, शकुंतलाबाई, म्हणे, की तू जेवून नाई राह्यला. एका दिवशी तिने वेगळेच विचारले. पोरगा होळीनंतर पुन्हा पुण्याले जातो म्हणते. इथं बरा रमला होता. काऊन जाऊन राह्यला रे तो. तुले काही बोलला का. मधुकरराव नाही म्हणाले. हेही एका परीने खरेच होते.

शकुंतलाबाई नवरा गेल्यावर, एकोणीस वर्षांपूर्वी, आठ वर्षांच्या भूपेंद्रला घेऊन या घरात आल्या होत्या. त्यांच्या कपाळाकडे मधुकररावांनी इतक्या वर्षांत नीट पाहिलेले नव्हते; त्या रात्री पाहिले. आणि सत्त्याऐंशी सालची अक्षय तृतीया त्यांना अकस्मात आठवली, जी विसरली गेली आहे अशी त्यांची समजूत होती. अठरा वर्षे दुसऱ्यांकडे राबल्यावर उभारलेल्या स्वतःच्या शेडचे उद्घाटन होते. नवे मशीन पाटावर ठेवले होते. शकुंतलाबाईंनी पहाटे उठून शेड सारवली होती, आंब्याची पाने बांधली होती, आणि सोलून ठेवलेला नारळ हातात घेऊन त्या थिनरच्या पिंपांमागे उभ्या होत्या. पुढे नव्हे, मागे. पत्नीने मशीनला कुंकू लावले. मग कोणी तरी पिंपांमागे हात लांबवून शकुंतलाबाईंच्या हातातला नारळ काढून घेतला. हात तसेच, नारळ धरल्याच्या आकारात, क्षणभर राहिले. हे मधुकररावांनी पाहिले होते. हाक मारावी असे मनात आले होते, हेही खरे. पण गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचे होते, मंडळी खोळंबली होती, आणि असल्या गोष्टींसाठी योग्य वेळ असते. रूपरावांनी केळझरची हकीकत सांगितली तेव्हा आपल्याला त्यांचे कौतुक वाटले असे मधुकरराव आजपर्यंत धरून चालले होते. ते कौतुक नव्हते. भाजीच्या एका अडत्याने भर मंडळीत ताट काढून घेतले आणि बहिणीच्या हातात दिले, आणि तो प्रसंग गाडीच्या कपाळावर मिरवत तो आपल्याच शेडमध्ये येऊन उभा राहिला, याची ती चीड होती. लोकरीने खूण निघते की नाही, हा प्रश्न त्या शनिवारी होता, यात शंका नाही. परंतु तो एकच प्रश्न होता काय? मशीन हातात घेताना आपल्याला नेमके काय पुसायचे होते? त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, तोंडाला लावला, आणि प्यायल्यावाचून खाली ठेवला.

गुरुवारी, सत्तावीस तारखेला, कोणाला न सांगता ते सकाळच्या बसने आर्वीला गेले आणि तेथून दुसऱ्या बसने रोहण्याला. मंदाबाई रोहण्यात भावाच्या शेतावर राहत, भाजी पिकवून घेत व आर्वीच्या दुकानात धाडत. बसमध्ये त्यांनी वाक्ये जुळवली. खरांगण्यापर्यंत त्यांच्या निवेदनात तीन परिच्छेद झाले होते. त्यांपैकी पहिल्यात लोकर व फोम यांच्यातला भेद समजावून दिलेला होता, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही असे त्यांचे मत होते. आर्वी येईपर्यंत पहिला परिच्छेद गळाला. रोहण्याच्या फाट्यावर उतरले तेव्हा त्यांच्यापाशी एकच वाक्य उरले होते, आणि ते पाठ करण्याइतके लांब नव्हते. शेतात विहिरीजवळच्या सावलीत मंदाबाई कोथिंबिरीच्या, तिकडच्या भाषेत सांभाराच्या, जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी मधुकररावांना ओळखले. या असे म्हटले नाही. शेजारचे रिकामे पोते हाताने सरकवून दिले. मधुकरराव बसले आणि त्यांनी सांगितले, की खूण मी काढली, लोकरीच्या पॅडने काढली, मुद्दाम काढली. भूपेंद्रने तिला हात लावला नव्हता. बोलताना त्यांना स्वतःचा आवाज एखाद्या परक्या माणसाचा जबाब वाचून दाखवावा तसा सपाट लागला. मंदाबाईंचे हात थांबले नाहीत. एक जुडी बांधून झाली, तिच्यावर पाणी शिंपडून झाले, दुसरी घेतली. काऊन काढली, असे त्यांनी विचारले. मधुकरराव म्हणाले, भाच्याशी वाद होता. कशाचा वाद, असे त्यांनी विचारले. फोम बरा का लोकर बरी याचा, असे मधुकररावांनी सांगितले, आणि ते उत्तर त्या हिरव्या ढिगाशेजारी, विहिरीवरच्या रहाटाशेजारी, इतके लहान वाटले, की त्यांना ते परत घ्यावेसे वाटले. मंदाबाई थोड्या हसल्या. दोन गडी भांडले अन् दोघांच्या मधात मी सापडली म्हणा, असे म्हणाल्या.

"रूपरावले सांगितलं हे?"

"नाई. पहिले तुमाले सांगावं म्हटलं. खूण तुमची होती."

"माही कुठची," मंदाबाई म्हणाल्या. "त्यानं ताट हाती देल्लं तवा मले विचारलं नाई. साऱ्या मंडळीत नाई कसं म्हणू? हात कापून राह्यला होता, उलटं निघालं. मंग पाच वर्सं थे घेऊन गाडी गावोगाव फिरली. जो तो पाहे अन् पुसे, हे उलटं कोनं काढलं वो. भावाचा जीव मोठा, त्याले काय म्हणता? अन् तुमी पुसलं, तवाबी मले कोणी विचारलं नाई."

त्यांनी सुतळी दातांनी तोडली. मधुकररावांच्या मनात, त्यांच्या इच्छेला न जुमानता, युक्तिवाद चालू झाला होता. ज्या खुणेच्या नाशाबद्दल दहा दिवस जीव टांगणीला लागला होता ती खूण हिला नको होती. तेव्हा तिचे जाणे ही हानी नव्हती. हानी नसेल तर अपराध कशाचा? छातीत अडलेला तो श्वास सैल होत असल्याचे त्यांना जाणवले. आत एक सुटकेची लाट उठली आणि तिची त्यांना लाजही वाटली, परंतु लाजेच्या आधी लाट आली होती. ते पुढे झुकले. म्हणजे ते गेलं ते तुमाले एका परीनं बरंच, असे ते म्हणू लागले, आणि वाक्य पुरे होण्याआधी मंदाबाईंनी प्रथमच हातातले काम खाली ठेवले व त्यांच्याकडे सरळ पाहिले.

"मले बरं वाटलं का वाईट, थे माह्यापाशी राहू द्या. तुमाले थे ठाऊक नोतं. तुमी आपल्या हट्टापायी पुसलं अन् लेकरावानी वाढवलेल्या भाच्याचं नाव सांगितलं. तुमी वाईट केलं."